एकोणतीस

रात्री साडेनऊला चमचे मोजायचे.
तीस चमचे, स्टीलचे, दांड्यावर नंबर कोरलेले.
काटे नाहीत. सुऱ्या तर नाहीतच.
हूडीच्या नाड्या, बुटांच्या लेस, वहीची तार,
हमूदच्या आजीने दिलेली अत्तराची काचेची बाटली,
सगळं कपाटात, ज्याच्या त्याच्या नावाच्या पिशवीत.
एक पिशवी माझीही आहे.
ड्यूटीवर गळ्यात काही चालत नाही,
त्यामुळे मंगळसूत्र तिथे,
जोएलच्या इअरफोनशेजारी.

बाहेर रास अल खैमाचे उघडे डोंगर,
अंगणात घाफचं एकच झाड,
आणि दगड भरून बंदराकडे जाणारे ट्रक, रात्रभर.

सतरा वर्षं झाली.
सलाम अरबीत करते, भांडते हिंदीत, सही इंग्रजीत.
मोजायला लागले की मात्र
कणकवलीची चौथी ब तोंडात येते.

अठ्ठावीस, एकोणतीस.
परत ओतले टेबलावर.
अठ्ठावीस. एकोणतीस.

"एकोणतीस म्हणजे ट्वेंटी-नाइन ना?
मग त्यात नऊ कुठेय?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून.
येऊन चार दिवस झाले होते तिला,
आणि हे पहिलं वाक्य.

मृण्मयी. रोझली सिस्टरला जमत नाही, ती मिमी म्हणते.
जन्म शारजाचा, वय सोळा,
मनगटावर पट्टी, पट्टीवर बॉलपेनने काढलेला मासा.
वडील शनिवारी येतात.
तासभर गाडी चालवून येतात
आणि मग अर्धा तास पार्किंगमध्येच बसतात,
मला खिडकीतून दिसतं.
आत आल्यावर आवाज खाली करून विचारतात,
हे कुठे रेकॉर्डवर जात नाही ना, व्हिसाला वगैरे?
डोंबिवलीला सांगितलंय, पोरगी कॅम्पला गेलीये.
डब्यात साबुदाणा वडे.
नियम असा की एकेक वडा मी मोडून बघायचा,
आत काही नाही ना.
ते बघत उभे राहतात माझ्या बोटांकडे,
आणि म्हणतात, तुम्हीही घ्या ना एखादा.

मी म्हटलं, नऊ नाहीच त्यात.
एकोण म्हणजे एक उणा. तिसाला एक कमी.

ती म्हणाली, "म्हणजे तो स्वतःचं नाव सांगतच नाही.
काय नाहीये तेवढंच सांगतो."

मी काय बोलणार.
चमचे पुसत राहिले.

"सगळे नऊवाले असेच?"

मनात म्हणून बघितले.
एकोणचाळीस, एकोणपन्नास, सत्तर, ऐंशी,
एकोणनव्वद...
नाही गं, म्हटलं. नव्व्याण्णव नाही तसा.
शंभराला एक कमी आहे तोही,
पण नव्व्याण्णवच म्हणतात त्याला.

ती हसली नाही. नाकातून थोडी हवा सोडली, बस्.
मग वाकून मोज्यातून चमचा काढला
आणि ठेवला टेबलावर, रांगेत, शेवटी.
नंबर बावीस.
दांड्याची एक कड टाइलवर घासलेली.
फार नाही. सुरुवात होती.

तीस, मी म्हटलं.

रिपोर्ट लिहिला. लिहावाच लागतो.
तिच्यासमोर लिहिला, पान तिच्याकडे वळवून,
तिने वाचला
आणि माझ्या इंग्रजीतली एक चूक दाखवली.

रात्री दर पंधरा मिनिटांनी टॉर्च.
तोंडावर मारायचा नाही, भिंतीवर मारायचा,
आणि पांघरूण वर होतंय, खाली होतंय, एवढं बघायचं.
हमूद पोटावर. जोएल अर्धा पलंगाबाहेर.
मुलींच्या बाजूला, शेवटची खोली,
दोन वाजून पाच मिनिटं.
पांघरूण हलेना.
मी दारातच उभी, माझाच श्वास घशात,
तर अंधारातून:

"एकोणसाठ पन्नासच्या नंतर येतं की साठच्या?"

मला येत होतं.
मी म्हटलं, उद्या सांगते.